हद्दीवरचं गटार

बत्तीस वर्षं मी गटारं काढली. कागदावर. प्रत्यक्षात ती कुणी बांधली, कशी बांधली आणि त्यातनं पाणी वाहतं की नाही, ते मला विचारू नका. माझं तोंड आधीच खराब आहे, आणि रिटायर झाल्यापासून ते फारच सुटलंय असं आमची अक्का म्हणते. म्हणू दे. एवढी वर्षं साहेबांपुढं "सरी सार, सरी सार", म्हणजे बरं साहेब, बरं साहेब, करत जे गिळलं ते कुठंतरी बाहेर पडणारच की.

मी निपाणीकडचा. नोकरीसाठी बेंगळूरला आलो आणि एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. कचेरीचं नाव सांगत नाही, लाज वाटते. रस्ते आणि गटारं ही आमची कामं. साहेबानं आकडे द्यायचे, मी नकाशा काढायचा, आणि मग त्या नकाशाकडं कुणी ढुंकूनही न बघता काम उरकायचं, अशी एकूण पद्धत.

नकाशे काढायचीही एक रीत होती. शहराची हद्द जिथं संपते तिथं जाड तुटक रेघ मारायची आणि रेघेच्या पलीकडं काहीही दाखवायचं नाही. रस्ता पुढं जात असेल, ओढा पुढं जात असेल, माणसं पुढं राहत असतील, आपल्याला काय त्याचं? पलीकडं कोरा कागद. एकदा एका नवख्या बाईनं पलीकडचं तळं काढून ठेवलं, कारण आमचं सगळं पाणी त्या तळ्यात जात होतं. साहेबांनी विचारलं, "हे तळं आपलं आहे काय?" ती नाही म्हणाली. "मग?" बिचारीनं ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवरचं तळं खरवडून काढलं. सगळे हसले. मीही हसलो, ते लपवण्यात अर्थ नाही. पाणी आता कुठं जाणार, हे काही कुणी विचारलं नाही.

त्यातनं शेजारच्या खात्यांशी समन्वय म्हणून महिन्याला एक बैठक व्हायची. पाण्याचं खातं, विजेचं खातं, आणि शहराला चिकटून असलेल्या गावच्या पालिकेची माणसं. तू पण राणी, मी पण राणी, कोण भरील पाणी, असा सगळा प्रकार. दोन तास दुसऱ्याचं काम अडलंय म्हणून आपलं अडलंय असं एकमेकांना सांगायचे, काजूबिस्किटं खायचे आणि पुढच्या महिन्यात भेटू म्हणून उठायचे. एका कारकुनानं एकदा कंटाळून मागच्याच बैठकीच्या टिपणीवर नवी तारीख घातली आणि सगळ्यांना वाटली. सगळ्यांनी सह्या केल्या. त्या दिवशी मला या लोकांचा जो तिटकारा बसला तो आजतागायत गेलेला नाही.

आता अक्काचं सांगतो, कारण हे सगळं शेवटी तिच्याच दारात येऊन साचलं.

अक्का माझी थोरली बहीण. येलहंक्याच्या पुढं, शहर जिथं संपतं अगदी त्या कडेला तिचं घर आहे. बांधलं तेव्हा ते खेडं होतं. गावच्या पुढाऱ्यानं काठीनं मातीत रेघ मारली आणि इथवर बांधा म्हणाला, एवढाच काय तो प्लॅन. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि बाहेरनं जिना चढून वर आणखी एक खोली. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक होते. काही वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेल्यातच जमा. जिना चढायचा प्रश्नच नाही. पुढच्या खोलीत खिडकीला लावून लोखंडी खाट आहे, तिच्यावर पडून ते दिवसभर रस्ता बघतात. जाणाऱ्या बसच्या आवाजावरनं तिचं काय बिघडलंय ते त्यांना अजून कळतं. डावा हात हलवून ते काहीतरी सांगतात आणि अक्का आतनं ओरडते, "होय, होय, गिअरबॉक्स." कधी क्लच म्हणते. क्लच चुकलं तर ते चिडतात. असा दोघांचा संसार चाललेला. अक्काला या जगात आता एकच पाहिजे होतं. ती खोली कोरडी राहावी आणि तिच्या माणसाला त्या खिडकीपासनं हलवायची वेळ येऊ नये.

आणि नेमकं तिथंच ह्यांचं विकासाचं घोडं आलं.

आमच्या कचेरीनं शहराच्या बाजूनं नवं गटार आणलं. तीन फूट रुंद, काँक्रीटचं, वर फरशा, सगळं झकास. अक्काच्या घराच्या अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत आणलं आणि हद्द आली म्हणून तिथंच सोडून दिलं. शेजारच्या पालिकेनंही आपल्या बाजूनं गटार बांधत आणलं आणि अक्काच्या घराच्या पलीकडच्या कोपऱ्यावर सोडलं. त्यांचीही हद्द आली. मधे राहिलं अक्काचं अंगण, वीस-बावीस फूट. ते कुणाचं? आमच्या नकाशावर कोरं, त्यांच्या नकाशावरही कोरं.

बरं, गंमत इथं संपली असती तरी मी काही बोललो नसतो. पण यांची अक्कल ऐका. गटाराला उतार द्यायचा तर कुठल्या तरी पक्क्या खुणेपासून उंची मोजत यावं लागतं. आमच्या लोकांनी धरली रेल्वेच्या जुन्या मोरीवरची खूण. शेजारच्यांनी धरली त्यांच्या मारुतीच्या देवळाची पायरी, कारण तिथं ती तशीच पूर्वापार धरत आलेत. मधल्या काळात भक्तमंडळींनी देवळाला ग्रॅनाइट बसवलं. पायरी सव्वा फूट वर आली आणि तिच्याबरोबर ह्यांची अख्खी पालिका सव्वा फूट वर गेली. कुणाला पत्ता नाही! कागदावर दोन्ही गटारं एकमेकांना बरोबर भेटत होती. जमिनीवर त्यांच्या गटाराचं तोंड आमच्यापेक्षा सव्वा फूट उंच. आता पाणी काय जिना चढून जाणार? डोंबल! शहरातनं वाहत आलेलं सगळं पाणी, हॉटेलांचं खरकटं, लोकांच्या न्हाणीघरांतला साबण, अक्काच्या अंगणात पसरायला लागलं.

एका दुपारी मी गेलो तर अक्का साडीचा काचा मारून खोलीतलं पाणी खराट्यानं बाहेर ढकलत होती. खाटेच्या चारी पायांखाली तिनं विटा घातल्या होत्या. दाजी वर उंचावर, छताकडं डोळे लावून पडलेले. खाट उचलल्यामुळं खिडकी आता त्यांच्या नजरेच्या खाली गेली होती, रस्ता दिसत नव्हता.

"आलास काय?" अक्का म्हणाली. "चपला घालूनच ये. खाली काय काय आहे ते बघू नकोस."

मी खराटा घ्यायला गेलो तर तिनं दिला नाही.

"हे मी करते रे. तू त्यांच्यातलाच नव्हं? त्यांना सांग की जरा. एवढी वर्षं कागद काढलास, एक कागद बहिणीसाठी काढ."

मला रडायला आलं आणि रागही आला. तसाच उठलो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या कचेरीत गेलो. माझ्याच टेबलाशी नवा इंजिनीअर बसला होता. त्यानं मला कॉफी पाजली, सार सार केलं, आणि ते काम शेजारच्या पालिकेकडं येतं म्हणून सांगितलं. मी शेजारच्या पालिकेत गेलो. तिथं कॉफी नव्हती, पण उत्तर तेच होतं. पाणी शहराचं, शहरानं बघावं. पत्र द्या म्हणाले. पत्र दिलं. ते पत्र त्यांनी शहराकडं पाठवलं, शहरानं परत त्यांच्याकडं पाठवलं. सात-आठ महिने माझं पत्र या दोन कचेऱ्यांच्या मधे हेलपाटे घालत होतं आणि प्रत्येक फेरीत त्याच्यावर एक शिक्का वाढत होता.

मी घरी बसून एक नकाशा काढला. पहिल्यांदाच आयुष्यात हद्दीच्या दोन्ही अंगांनी काढला. जुने सर्व्हेचे कागद शोधले, दोन्ही गटारं दाखवली, पायरीचा आणि मोरीचा घोळ लिहिला, मधले वीस-बावीस फूट कसे जोडायचे ते आखून दिलं. जुन्या कागदांत तिथं घर नव्हतंच, म्हणून मी आपली अंदाजानं एक चौकट काढली आणि त्यात अक्काचं नाव घातलं. तिचं घर मी कधी मोजलं नव्हतं. बहिणीचं घर कोण मोजतो? नव्या इंजिनीअरनं नकाशा हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "सार, हे तुम्ही आपल्या हद्दीबाहेर काढलंय." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग एका संध्याकाळी एका पुढाऱ्याची गाडी अक्काच्या दारातल्या डबक्यात रुतली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी तो खाली उतरला आणि घोट्यापर्यंत आत गेला. अक्का म्हणे दारात उभी राहून बघत होती, आणि आत दाजी हसत होते. लकव्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. पुढाऱ्यानं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला. झालं. आठ महिन्यांत माझ्या पत्रांनी जे जमलं नाही ते एका ओल्या बुटानं करून दाखवलं. आठवड्याच्या आत संयुक्त पाहणी ठरली, दोन्ही खाती एकाच दिवशी, एकाच जागी. असा योग बत्तीस वर्षांत मी पाहिला नव्हता.

पाहणीच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून आधीच जाऊन बसलो. अक्कानं उप्पिट केलं होतं, का तर साहेबलोक येणार. मी म्हटलं, "कशाला ते? ज्यांनी दारात घाण आणून घातली त्यांना उप्पिट?"

"असू दे की रे. खाल्ल्यावर माणूस जरा बरा वागतो."

अकराच्या सुमारास आमच्या कचेरीचा तो नवा इंजिनीअर आला. शेजारच्या पालिकेकडनं एक ज्युनिअर इंजिनीअर बाई आली, तिशीची असेल, स्कूटरवर. डोक्यावरची टोपी काढून तिनं अक्काला नमस्कार केला आणि आत जाऊन दाजींच्या खाटेखालच्या विटा वाकून बघितल्या. कशाला बघितल्या असतील, मला काही कळलं नाही. पहिल्या पाचच मिनिटांत मी तिच्याबद्दल मत बनवलं. हिच्याकडं लेव्हलचं यंत्र नाही, नुसता टेप घेऊन आली आहे. हिला कुणी डिग्री दिली?

सव्वा फुटाची भानगड मात्र तिनं लगेच मान्य केली. आमचं गटार आम्ही खाली घेतो म्हणाली. आमच्या इंजिनीअरला आश्चर्य वाटलं, पण कबुली त्याच्या खात्याची नव्हती म्हणून त्यानं चट्कन लिहून घेतली. आता राहिलं मधलं गटार, अक्काच्या दारासमोरनं जाणारं. रस्ता तीस फुटी. त्याच्या कडेला आतल्या अंगानं तीन फुटाचं गटार घ्यायचं, एवढा साधा हिशोब.

बाईनं काय केलं, समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीला टेपचं टोक लावलं आणि तिथनं तीस फूट मोजले. आता त्या प्लॉटवाल्यानं स्वतःच्या गाड्या लावायला पाच फूट जागा सोडून मागं भिंत घातलेली, हे आंधळ्यालाही दिसावं. त्यामुळं गटाराची रेघ पाच फूट अलीकडंच पडली, अक्काच्या पायरीच्या बाहेर. आमच्या इंजिनीअरला त्यात काहीच खटकलं नाही. "सरी, सरी," म्हणाला. "जुन्या गटाराला स्वल्प वाकवून जोडू." दोघं सही करायला निघाले. बाई विजेच्या खांबाशी उभी राहून पॅडवर लिहायला लागली.

मला राहवलं नाही. खरं सांगायचं तर मला राहवून घ्यायचंच नव्हतं. बत्तीस वर्षं तोंड दाबून बसलो होतो, आणि आता हे दोन दीडशहाणे माझ्या डोळ्यांदेखत भिंतीपासून रस्ता मोजत होते!

"थांबा," मी म्हटलं. "हे असं मोजतात? कुणी शिकवलं तुम्हाला? भिंत मालकाची असते, आज इथं आहे, उद्या तिथं. माप घ्यायचं ते सर्व्हेच्या दगडापासनं. रस्त्याच्या बरोबर मधोमध दगड असतो. तिथनं दोन्हीकडं पंधरा पंधरा फूट."

"इथं दगड कुठं दिसतोय, सार?" बाई म्हणाली. हळूच म्हणाली.

"दिसत नाही म्हणून नाही काय? रस्ता सरकला, खांब मधे आला, दगड खाली गेला. मी पाहिलाय तो, तुम्ही शाळेत होता तेव्हा. जरा बाजूला व्हा बघू. अक्का, खुरपं दे गं."

अक्कानं तुळशीपासलं खुरपं आणून दिलं. बाई खांबापासनं लगेच हलली नाही, मला पुन्हा सांगावं लागलं. मी गुडघ्यावर बसलो आणि माती उकरली. वीतभर खाली दगड लागला, डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली अजून शाबूत. मला इतका आनंद झाला की विचारू नका. "बघा," मी त्या दोघांना म्हटलं, "याला म्हणतात काम." टेपचं टोक मी स्वतः फुलीवर धरलं. आमच्या इंजिनीअरला दुसरं टोक घेऊन अक्काच्या घराकडं पाठवलं.

तो चालत गेला. बारा फुटांवर अक्काच्या खोलीची भिंत आली आणि तो थांबला.

"पुढं," मी म्हटलं. तोंडातनं निघून गेल्यावर मला कळलं की पुढं जायला वाट नाही.

टेप त्यानं खिडकीतनं आत नेला. पंधरा फूट दाजींच्या खाटेच्या पलीकडच्या कडेला संपले. गावच्या पुढाऱ्यानं काठीनं मारलेली रेघ तीन फूट चुकली होती, आणि गटार नेमकं तीन फुटाचं होतं. दाजी टेपकडं बघत होते. डावा हात त्यांनी उचलला आणि टेपवर ठेवला, तो बाजूला करावा तसा.

"सार म्हणतात ते बरोबर आहे," आमचा इंजिनीअर खुश होऊन म्हणाला. "दगडावरनं गेलं म्हणजे कुणी पुढं आक्षेप घेणार नाही. गटारही सरळ येतंय." त्यानं लाल रंगाचा डबा मागवला आणि खिडकीखाली भिंतीवर आडवी रेघ मारली. मग टिपणीत लिहिलं. अतिक्रमण, एक खोली, तीन फूट. दोन्ही खात्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सही करताना त्यानं मलाही एक ओळ मोकळी ठेवली, मापाचा साक्षीदार म्हणून.

मी बाईच्या मागं गेलो. ती स्कूटरला किल्ली लावत होती. मी म्हटलं, "मॅडम, जाऊ दे ते. भिंतीपासनंच धरा. तुमचंच बरोबर होतं. मी म्हातारा माणूस, माझं काय मनावर घेता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता कसं, सार? लिहून झालं. दगड सगळ्यांनी बघितला." टोपी डोक्यावर घालता घालता ती थांबली. "मला माहीत होता तो दगड. आदल्या दिवशी येऊन बघून गेले होते मी. म्हणून तर खांबाशी उभी होते. पायाखाली होता माझ्या."

ती गेली. उप्पिट कुणी खाल्लंच नाही. मी अंगणातच उभा राहिलो, आत जायचं धाडस होईना. शिव्या देईल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट बघत होतो. अक्का आतनं सगळं ऐकत होती, सगळं बघत होती.

थोड्या वेळानं तिनं हाक मारली. मी आत गेलो तर तिनं खाटेखालच्या विटा काढल्या होत्या आणि उशाकडचं टोक धरून उभी होती. दाजी भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"ये, तिकडनं धर," अक्का म्हणाली. "किती आत घ्यायची तेवढं सांग. तुझं माप चुकत नाही."